हलायचं नाही हं

जिवंत माणूस हलतो, हीच सगळी कटकट आहे, असं थोरली म्हणायची. घरात म्हणायची, कामावर म्हणायची, बसमध्ये शेजारचा माणूस पेंगत पेंगत तिच्या खांद्यावर कलंडला तरी मनातल्या मनात म्हणायची. तिचं कामच तसं होतं. माणसाला चुंबकाच्या मोठ्या नळकांड्यात आडवं घालायचं आणि त्याच्या मेंदूचा फोटो काढायचा. एमआरआय म्हणतात तोच. पण दवाखान्यातला नव्हे. दवाखान्यात रोग्यासाठी मशीन असतं, थोरलीच्या विभागात मशीनसाठीच मशीन होतं. मेंदूतली हरभऱ्याएवढी जागासुद्धा लख्ख कशी दिसेल, याच्या नवनव्या रीती शोधत ही मंडळी तिथे वर्षानुवर्षं बसलेली. आणि ती जागा दिसायची वेळ आली की आत झोपलेला माणूस नेमका आवंढा गिळायचा. झालं. सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून थोरलीने ठरवलं होतं की माणसाला स्थिर राहा म्हणून सांगणंच बंद करायचं. डोकं हलतंय ना, हलू दे. मशीनने त्याच्यामागे जावं. रांगतं पोर जिकडे जाईल तिकडे आई भाताची वाटी घेऊन जाते, तसं. माणसाच्या नाकावर एक टिकली चिकटवायची, डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यात एक बारका कॅमेरा बसवायचा, टिकली किती सरकली ते कॅमेऱ्याने बघायचं आणि मशीनला सांगायचं, चल, तूही तेवढं सरक. ऐकायला सोपं आहे. थोरलीचे केस यात पांढरे झाले, नवरा यातच कंटाळून दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडून बसला, आणि रीत अजून तयार होतेच आहे म्हणत थोरली पन्नाशीला टेकली. आता तर तिला सकाळी उठल्यावरच थकवा यायचा. झोपून उठलेल्या माणसाला थकवा कसला, असं कुणी म्हणेल. त्याने एकदा उठून बघावं.

विभागात एक रिवाज होता. ज्याने नवी रीत काढली त्याने आधी स्वतः नळकांड्यात शिरायचं, मग बाकीच्यांनी. बाहेरचं डोकं आणायचं तर परवानग्यांचे सोपस्कार फार, त्यापेक्षा घरचीच डोकी बरी. त्यामुळे तिथल्या सगळ्यांना एकमेकांचे मेंदू पाठ होते. कुणाची डावी बाजू जरा मोठी, कुणाच्या मेंदूत म्हातारपणाचे पांढरे ठिपके लवकर आलेले, हे चहा पिताना सहज बोललं जायचं. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे दगड म्हणत. तो आत शिरला की घटकाभर पापणीसुद्धा हलवायचा नाही, बहुतेक वेळा झोपायचाच. त्याच्या मेंदूचे फोटो इतके सुरेख यायचे की जगभरच्या परिषदांत ते दाखवून झाले होते. बायको मात्र म्हणायची, या डोक्यात एवढं काय आहे ते मला कधी दिसलं नाही.

आता ही रीत तर हलणाऱ्या डोक्यासाठी. मग दगडाला सांगावं लागायचं, बाबा रे, आज हल. तो हलायचा. बाहेरून सांगितलं उजवीकडे की उजवीकडे, डावीकडे की डावीकडे, आणि पुन्हा जिथल्या तिथे. कवायतच. थोरली स्वतःही तशीच हलायची. आणि फोटो यायचे छान. मशीन अगदी शहाण्या पोरासारखं डोक्यामागे जायचं. पण थोरलीच्या मनात कुठेतरी खुटखुट होतीच. माणूस असा हलतो का? कवायत करत? खोकला सांगून येतो का, उचकी शिट्टी वाजल्यावर थांबते का?

त्या आठवड्यात मोठे सर तिच्या खोलीत आले आणि दाराशीच उभे राहिले. ते आत येऊन बसले नाहीत की बातमी वाईट असते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गुरुवारी समिती येतेय," ते म्हणाले. "खालच्या मजल्यावरच्या लोकांना मशीन हवंय. पूर्ण वेळ. तुझं काम दाखव म्हणालेत."

"दाखवते की. फोटो आहेत."

"दगडाचे." मोठे सर कंटाळून हसले. "अगं, ते काय दुधखुळे आहेत? कवायतीवर रीत चालते हे त्यांना कळलंय. खरंच हलणारं एक डोकं आण. ज्याला हलू नको म्हटलं तरी हलणारं. त्याचा फोटो स्वच्छ आला तर तीन वर्षं मागून घेतो मी तुला. नाहीतर गाशा गुंडाळायचा."

"गुरुवारच्या आत रोगी कुठून आणू? परवानग्यांनाच सहा महिने जातात."

"घरचं माणूस चालतं. त्याने सही केली की झालं." मोठ्या सरांनी खिडकीकडे बघितलं. त्यांना काय म्हणायचंय ते थोरलीला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं.

थोरलीची आई तिच्याजवळच राहायची. गेली काही वर्षं आईची मान हलत होती. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, बारीक, सारखी. झोपली की थांबायची, उठली की सुरू. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. औषध दिलं त्याने मान हलायची थांबली नाही, आई मात्र दिवसभर पेंगायला लागली. मग ते बंदच केलं. गंमत बघा, ही बाई जन्मात कुणाला नाही म्हणाली नव्हती. सासूला नाही, नवऱ्याला नाही, उसनं मागायला आलेल्या शेजारणीला नाही. आणि म्हातारपणी हिची मान दिवसभर नाही नाही म्हणत राहिली. भाजीवाल्याला वाटायचं भाव पटला नाही, तो बिचारा आपणहून कमी करायचा. आई घरी येऊन हसत सांगायची, "माझी मान बघ, कमावती झाली."

पण हे हसणं घरातलं. बाहेर ती हनुवटीखाली हात धरून बसायची. कुणी बघितलं की उगाच कानातलं चाचपायची. थोरलीचा धाकटा भाऊ, त्याच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं होतं. फोटोवाला दोनदा थांबला, तिसऱ्यांदा थांबला, आणि धाकटा वैतागून म्हणाला, "आई, एक मिनिट नीट बस ना गं, हलू नकोस." चारचौघांत. तो काही वाईट मुलगा नाही, दमला होता. पण त्यानंतर फोटोची वेळ आली की आईला नेमकं पाणी प्यायला जायचं असायचं.

त्या रात्री जेवताना थोरलीने विषय काढला.

"आई, तुझं डोकं देशील का?"

"कुठलं?" आई म्हणाली. "हे? हे खराब आहे गं."

"खराबच हवंय."

"मग ने बाई. इतकी वर्षं मीच सांभाळतेय." आणि मग ताट पुढे सारून, "त्या नळकांड्यात स्वस्थ पडायचं असतं ना? मला कुठलं जमायला?"

"तेच तर. तू हलायचंयस. तुला हवं तसं. मशीन तुझ्यामागे येईल." थोरलीने तिला सगळं समजावलं, टिकली, कॅमेरा, वाटी घेऊन फिरणारी आई. आईने ऐकून घेतलं.

"आणि नाही जमलं तर?"

"तर मशीन जाईल खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे, आणि मी घरी बसेन. तुझ्याबरोबर मालिका बघेन."

"छे," आई म्हणाली. "तू शेजारी बसून बघू देत नाहीस, सारखी बोलतेस." पण लेकीच्या बोलण्यातली काळजी तिने बरोबर पकडली होती. भांडी आवरताना ती दोनदा थांबली आणि लेकीकडे बघून घेतलं.

बुधवारी दुपारी आई विभागात आली. बाहेरच्या खोलीत तिचं कानातलं, केसांतल्या पिना, चष्मा असं धातूचं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवलं. मग दगड हळूच म्हणाला, "मावशी, कवळीत तार आहे का?" तार होती. आईने मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठे सर लगेच पाठ फिरवून भिंतीवरची पाटी वाचायला लागले, जणू ती पहिल्यांदाच बघत होते. आईने कवळी काढून डबीत ठेवली आणि तोंडावर रुमाल धरला. एवढ्या वर्षांत लेकीच्या ऑफिसात पहिल्यांदा आलेली बाई, नीट बोलायचीही सोय उरली नाही.

दगडाने तिला पलंगावर निजवलं, कानांत बोळे घातले, नाकावर टिकली लावली, डोक्याभोवती पिंजरा बसवला. एरवी तो पिंजऱ्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज ठासून भरायचा. आज थोरलीने त्याला आधीच बजावलं होतं, स्पंज नाही. त्याने आईच्या हातात रबरी फुगा दिला. "घाबरल्यासारखं वाटलं की दाबा, मी लगेच बाहेर काढतो." आईने मान हलवली, पण तिची मान हो म्हणते की नाही हे कुणाला सांगता येणार? पलंग आत सरकला.

थोरली काचेच्या अलीकडे येऊन बसली. समोर दोन पडदे. एकावर फोटो उमटणार, दुसऱ्यावर कॅमेरा सांगेल तशी डोक्याच्या हालचालीची रेषा धावणार. तो दुसरा पडदा तिने मुद्दाम पलीकडे वळवून ठेवला. रेषा बघितली की तिला दुसरं काही सुधरायचं नाही, आणि आज आत आई होती. तिने माईकचं बटण दाबलं, आईशी दोन शब्द बोलली, दगडाला खूण केली. मशीन ठोकायला लागलं. कुणीतरी पिंपावर हातोडा मारत बसावं तसा तो आवाज. थोरलीने डोळे मिटून घेतले. तिला एकदम फार झोप आली.

ठोकणं थांबलं आणि पडद्यावर फोटो यायला लागले. एक, दोन, तीन. दगड खुर्चीवरून उठला. मोठे सर वाकले, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली घेतला. आईचा मेंदू समोर होता, घडी न् घडी स्पष्ट. खोलवरची ती हरभऱ्याएवढी जागा, जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिची कडा सुईने रेखल्यासारखी दिसत होती.

"अगं," मोठे सर म्हणाले. त्यांनी थोरलीच्या खांद्यावर थोपटलं. "दगडापेक्षा चांगला आहे हा. डोंगर पोखरला आणि या खेपेला उंदीर नाही निघाला बरं का." ते समितीला फोन करायला निघालेसुद्धा. दगड आत आईला बाहेर घ्यायला गेला.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण दगडापेक्षा चांगला, हे तिच्या डोक्यातून जाईना. मान हलणाऱ्या म्हातारीचा फोटो झोपलेल्या दगडापेक्षा चांगला कसा येईल? तिने पलीकडचा पडदा आपल्याकडे वळवला.

रेषा सपाट होती.

आधी तिला वाटलं कॅमेरा बंद पडला. मग वाटलं टिकली निघून पडली. पण तसं नव्हतं. सपाट रेषेतही श्वासाची बारीक लाट दिसत होती, वर, खाली, वर, खाली. म्हणजे कॅमेरा जागा होता. आई हललीच नव्हती. थोरलीने रेषा मागे मागे नेली. सुरुवातीला, मशीन ठोकायला लागायच्या आधी, रेषा चांगली थरथरत होती, आईच्या मानेसारखीच, उजवीकडे डावीकडे. आणि मग एका ठिकाणी, सुरीने कापावी तशी, थांबली होती.

त्या ठिकाणी काय झालं होतं? थोरलीने वेळ बघितली. तिने माईकचं बटण दाबलं होतं तीच ती वेळ.

ती काय बोलली होती? तिला आठवेना. इतकं ते रोजचं होतं. आणि मग आठवलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. गेली कित्येक वर्षं, आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, ती मशीन सुरू करताना एकच वाक्य म्हणत आली होती. तेच तिने आज म्हटलं होतं. "आता अजिबात हलायचं नाही हं." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. दगड तिथेच बसला होता, मोठे सर उभे होते, त्यांच्याही कानांवरून ते गेलं होतं. कुणाला खटकलं नाही. इतक्या वेळा ऐकलेलं वाक्य कोण ऐकतं? फक्त एका माणसाने ते ऐकलं होतं, आणि पाळलं होतं.

ती आत गेली तेव्हा आई पलंगाच्या काठावर बसलेली होती. पाठ घामाने ओली. मान एका बाजूला आखडलेली, वळवता येत नव्हती. दगड तिची मान चोळत होता आणि काय झालं ते त्याला कळत नव्हतं. थोरलीला बघताच आईने रुमाल तोंडावर नेला.

"आला का चांगला?" कवळीशिवाय शब्द बोबडे येत होते.

"आई, तू हलली नाहीस."

"नाही." आईच्या डोळ्यांत चक्क ऐट होती. "तू म्हणालीस ना."

"मी घरी काय सांगितलं होतं?"

"मला वाटलं आयत्या वेळी बदललं असेल काही. तुमचं यंत्राचं काम, मला काय कळतंय त्यातलं."

"पण जमलं कसं तुला?"

आई जरा लाजली. दगडाकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, "जीभ टाळूला दाबून धरायची. आणि मान मागे, जोर लावून. आरशासमोर बसून शिकले मी. त्या फोटोनंतर." मग म्हणाली, "फार वेळ टिकत नाही गं. आज कसं कोण जाणे, टिकलं."

थोरली तिच्या शेजारी पलंगावर बसली. तिला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा आला, धाकट्याचा आला, त्या फोटोवाल्याचा आला. म्हातारी बाई आरशासमोर बसून न हलायचं शिकत होती, आणि हलणाऱ्या माणसांसाठी यंत्र तयार करणारी तिची लेक पलीकडच्या खोलीत कागद काळे करत होती. हिला घरात काय चाललंय ते माहीत नव्हतं आणि ही निघाली होती जगाचे मेंदू बघायला.

मोठे सर फोन करून आले. थोरलीने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, खुर्ची ओढली आणि या खेपेला बसले.

"हे बघ," ते म्हणाले. "बाई कोण? जिची मान हलते ती. कागदोपत्री तसं लिहिलेलं आहे. फोटो कसा? स्वच्छ. यात आपण खोटं काय बोललो?"

"रेषा."

"रेषा कोण मागतंय? मी तीन वर्षं मागितलीत आत्ता फोनवर. ते हो म्हणायच्या बेतात आहेत." आवाज खाली आणून ते म्हणाले, "मलाही निवृत्तीपर्यंत इथंच राहायचंय गं. मी काही देव नाही."

थोरलीने विचार केला नाही असं समजू नका. चहा गार होईपर्यंत केला. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. तेवढ्यात रीत खरोखर जमूनही जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही. तिच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं, आणि खोटं तरी कुठे बोलायचं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं ही थकलेल्या माणसाची सगळ्यात आवडती गोष्ट. पण काचेपलीकडे आई बसली होती, आखडलेली मान दगडाच्या हातात देऊन. उद्या हे मशीन दवाखान्यात जाईल, कुणाची तरी मान हलणारी आई आत जाईल, आणि फोटो फिसकटला की बाहेरून कुणीतरी म्हणेल, आजी, रीत तर चांगली आहे, तुम्हीच नीट पडला नाहीत.

"पुन्हा काढते," थोरली म्हणाली.

"आणि खराब आला तर?"

"तर खराब आला."

मोठे सर चष्मा पुसत राहिले. गेले नाहीत, एवढं मात्र खरं.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "चला, आलेच आहे तर." दगडाने पाणी पाजलं, मान शेकायला गरम पिशवी आणली, जरा बरं वाटल्यावर पुन्हा निजवलं. आधी एक छोटा फोटो मशीन मागे न फिरवता काढायचा, तुलनेसाठी, आणि मग दुसरा मशीन मागे फिरवत. या वेळी थोरलीने दोन्ही पडदे समोर ठेवले. माईकचं बटण दाबलं आणि क्षणभर तिच्या तोंडून काही निघेचना. तेच वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, हटायला तयार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मघाशी मी चुकीचं बोलले. सवयीने बोलले. तू हल."

रेषा सपाटच राहिली. आईला सवय होती ऐकायची, पण हे ऐकायची नव्हती.

"आई, कुणी बघत नाहीये," थोरली म्हणाली, आणि मग तिला वाटलं हेही खोटंच. "म्हणजे मी बघतेय. बघू दे मला. जीभ सोड. मान सोड. जशी हलते तशी हलू दे."

मग रेषेला एक बारीक काटा आला. मग दुसरा. मग रेषा थरथरायला लागली, वेडीवाकडी, मोठी, दगडाच्या कवायतीत कधीच न दिसलेली. ती उजवीकडे जाऊन डावीकडे येत होती, पण परत पहिल्या जागी येत नव्हती, भलतीकडेच थांबत होती, मध्येच उसळत होती. दगड पुटपुटला, "मावशी रडतायत का?" थोरलीने पडदा बघितला. ते रडणं होतं की मान होती, रेषेवरून कळत नव्हतं. मशीनला काही ते कळायची गरज नव्हती. ते त्या डोक्यामागे धापा टाकत फिरत होतं.

पहिला, तुलनेचा फोटो म्हणजे ओल्या बोटाने पुसलेली पाटी. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुसरा आला. दगड या वेळी उठला नाही. फोटो धूसर होता. कडेच्या घड्या दिसत होत्या, आत जाल तसं धुकं. हरभऱ्याएवढी जागा होती, पण ती आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल अशी. मशीन मागे गेलं होतं, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. खऱ्या माणसाच्या मागे जायला ते अजून शिकलं नव्हतं. दगडाच्या मागे जाऊन जाऊन त्याची चाल बिघडली होती.

"हा दाखवणार तू?" मोठ्या सरांनी विचारलं.

"हा आणि पाटी, दोन्ही. आणि रेषा."

"माझा फोन फुकट गेला म्हणायचा," असं म्हणून मोठे सर उसासा टाकून उठले. पण गुरुवारी समितीसमोर थोरली बोलत असताना ते तिच्या शेजारीच बसले होते, आणि कुणीतरी हसून, एवढ्या वर्षांत इतकंच का, असं विचारलं तेव्हा तेच म्हणाले, "याआधी खरं डोकंच घेतलं नव्हतं आम्ही."

समितीने तीन वर्षं दिली नाहीत. मशीन खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे गेलं. थोरलीला आठवड्यातला एक दिवस मिळाला, वर्षभरापुरता, मग बघू म्हणाले. दगड दोन्हीकडे वाटला गेला.

संध्याकाळी घरी येऊन थोरलीने चपला काढल्या आणि तिथेच दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. आईने चहा ठेवला होता. थोरलीने सगळं सांगितलं. आई ऐकत होती, मान हलत होती, आणि हनुवटीखाली हात नव्हता, हे थोरलीच्या उशिरा लक्षात आलं.

"एक दिवस पुरेल?" आईने विचारलं.

"डोकं मिळालं तर पुरेल."

"डोक्याला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "कधी यायचं?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारी कवळी घरीच ठेवते. त्या सरांसमोर नको पुन्हा ते."

थोरली हसली. मग तिने पिशवीतून दोन फोटो काढून टेबलावर ठेवले, एक सपाट रेषेचा, एक थरथरत्या. घेऊन यायचं तसं काही कारण नव्हतं. आईने चष्मा लावला. लख्ख फोटो बराच वेळ बघितला, म्हणाली, "हा छान आलाय," आणि बाजूला सारला. धूसर फोटो तिने दोन्ही हातांत धरला.

"हा लाव फ्रिजवर," ती म्हणाली.

"हा? यात तर काही दिसत नाही."

"असू दे. धाकटा आला की त्यालाही दाखव. हा काढताना कुणी मला नीट बस म्हटलं नव्हतं."